अष्टमीची घागर

"डोळे जरा मोठेच झाले का गं?" शरयूवहिनीनं विचारलं.

तिच्यापुढे परातीत तांदळाच्या उकडीचा गोळा होता आणि त्यातून महालक्ष्मीचं तोंड हळूहळू वर येत होतं. उकड गरम असतानाच मुखवटा करावा लागतो. गार झाली की भेगा पडतात, आणि भेगाळलेल्या तोंडाची देवी उभी करत नाहीत. म्हणून ती हाताला तूप लावून, बोटांवर फुंकर घालत, घाईघाईनं देवीचं नाक घडवत होती. मी शेजारी बसून उरलेली उकड मळत होते.

"मोठे झालेत," मी म्हटलं, "पण शोभतायत. यंदा देवी खुशीत दिसतेय."

"असणारच," ती म्हणाली आणि लाजल्यासारखी हसली.

मला हसता आलं नाही. त्या संध्याकाळी माझी पाच महिन्यांची मुलगी तिच्या ओटीत घालायची होती.

शरयूवहिनी माझी थोरली जाऊ. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टर झाले, वैद्य झाले, सोमवार झाले, गुरुवार झाले. मला पहिली मुक्ता झाली आणि चार वर्षांनी ही दुसरी. ही झाली त्याच आठवड्यात सासूबाई, म्हणजे माई, दवाखान्यात माझ्या खाटेवर बसून म्हणाल्या, "तुला एक आहेच. ही थोरलीला दे. घरातल्या घरात तर आहे. एका भिंतीचा काय तो फरक."

मी "बरं" म्हटलं.

हे ठरवलं कुणी, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. आमच्या त्या मिरजेच्या घरात गोष्टी ठरत नसत, ठरलेल्याच असत. आणि मी समजूतदार होते. माहेरीही समजूतदार, सासरीही समजूतदार. हा शब्द एकदा का बाईला चिकटला की सुटत नाही, आणि तो चिकटवणाऱ्यांची मोठी सोय होते. बारसंसुद्धा पुढे ढकललं. "नाव शरयूच ठेवील," माई म्हणाल्या. पाच महिने माझ्या लेकीला सगळे नुसतं 'बाळी' म्हणत होते.

मग भाद्रपदात भाऊजींची इंदूरला बदली झाली. दिवाळीनंतर दोघं बाळीला घेऊन जाणार होती. आता एका भिंतीचा फरक राहिला नव्हता, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी एकदा धीर करून ह्यांना विचारलं, "इंदूर लांब आहे ना हो?"

"रात्रभराची गाडी आहे," हे म्हणाले. मग वर्तमानपत्र जरा खाली करून, "का? तुझी हरकत आहे का काही?"

हरकत! जणू मी शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल बोलत होते. मी "नाही" म्हटलं आणि ते पुन्हा एकदा विचारतील म्हणून दारात उभी राहिले. त्यांनी पान उलटलं.

आईला सांगावं तर तीही म्हणाली असती, पुण्याचं काम आहे. मैत्रिणी लग्नाबरोबर सुटलेल्या. त्या घरात माझं असं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे शरयूवहिनी. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमटीत दोनदा मीठ पडलं होतं, तर तिनं ते स्वतःवर घेतलं. मुक्ताच्या वेळी मला सकाळी ओकाऱ्या व्हायच्या, तेव्हा ही मागून पाठ चोळायची. तिला त्या वेळी काय होत असेल याचा विचार मी कधी केला नाही. दुपारी माई झोपल्या की आम्ही दोघी मागच्या पायरीवर चहा घेऊन बसायचो आणि पोटभर हसायचो. जिच्याजवळ जाऊन रडावं तीच माझं मूल नेणार होती. यापेक्षा एकटं कसं असतं, मला ठाऊक नाही.

माजघरातून बाळीचं रडणं आलं.

माझं अंग तिथेच ताठ झालं. माईंनी दूध आटावं म्हणून माझ्या छातीला फडकं घट्ट बांधायला लावलं होतं. बाळीला आठवडाभर बाटली सुरू होती आणि तिच्याकडे मी जायचं नाही, असं सांगितलेलं होतं. "तुला बघितलं की ती बाटली घेत नाही," माई म्हणायच्या. पण फडक्याला काय कळतं! ती तिकडे रडली की इकडे माझं पोलकं भिजायचं. सांगून ऐकत नव्हतं माझं अंग. मी समजूतदार होते, ते नव्हतं.

"जाऊ का मी?" शरयूवहिनीनं विचारलं. तिचे हात उकडीनं माखले होते.

"मुखवटा कोण करील मग? माई आहेत तिकडे."

ती माझ्या पदराकडे पाहत होती. पदरावर ओल उमटली होती. मी तो सारखा केला.

"कुंदा," ती हळूच म्हणाली, "तुला चालतंय ना?"

"चालतंय."

"खरं?"

"वहिनी, उकड गार होतेय."

तिनं मान खाली घातली आणि देवीची जिवणी कोरायला घेतली. बाळी बराच वेळ रडत होती, मग दमून गप्प झाली.

दुपारून सोमणांच्या अंबूताई आल्या. आमच्या आळीत नवरात्रातल्या अष्टमीला देवी यायची ती अंबूताईंच्याच अंगात. दुसऱ्या कुणाच्या आली तर अंबूताई चार दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत, म्हणून देवीसुद्धा फारशी इकडेतिकडे जात नसे. मी कॉलेजात विज्ञान शिकलेली. हे सगळं सोंग आहे असं माझं पक्कं मत होतं. मागच्या पायरीवर मी अंबूताईंची नक्कल करायचे आणि शरयूवहिनी हसून हसून डोळे पुसायची.

स्वयंपाकघरात माई त्यांना चहा देत होत्या. मी कोठीच्या खोलीत नारळ मोजून ठेवत होते आणि मधे नुसता पडदा होता.

"तुमच्या तोंडून निघालं म्हणजे देवीचाच कौल होईल," माई सांगत होत्या. "उद्या कुणी काही म्हणायला नको."

"ते काय माझ्या हातात आहे का माई?" अंबूताई म्हणाल्या. "ती येईल, ती बोलेल. मी कोण?" मग बशीतला चहा फुर्रकन ओढून त्यांनी विचारलं, "थोरलीच्याच ओटीत ना? का थोरल्याच्या मांडीवर आधी?"

"थोरलीच्या ओटीत."

"बरं."

एरवी मी तोंडाला पदर लावून शरयूवहिनीकडे पळाले असते हे सांगायला. त्या दिवशी कोठीच्या खोलीत उभी राहिले आणि मला पहिल्यांदाच त्या सोंगाची भीती वाटली. माझ्या सासूला मी कधीतरी 'नाही' म्हटलं असतं, निदान तशी आशा होती. देवीला 'नाही' कसं म्हणणार?

दिवेलागणीला बायका जमल्या. पुरुष मंडळी बाहेर ओसरीवर. आत दिवाणखान्यातलं सगळं सामान काढून देवी उभी केली होती. घडवंचीवर एकावर एक हंडे, त्यांना नेसवलेली जरीची हिरवी साडी, आणि वर शरयूवहिनीच्या हातचं ते पांढरंशुभ्र हसरं तोंड. काजळानं डोळे रेखलेले, कपाळभर कुंकू. आरती झाली, धुपाटणं मधे आणलं आणि घागरी निघाल्या.

घागर फुंकणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. पितळी घागर धुपाच्या धुरावर धरायची, धूर आत भरू द्यायचा, मग दोन्ही हातांनी ती ओठांशी आणून तिच्या तोंडावर फुंकायचं. नवशिकीची नुसती हवा जाते. जमलं की आतून घुमल्यासारखा आवाज निघतो, आणि तो आपण काढला असं वाटत नाही. दहाबारा घागरी एकदम घुमायला लागल्या की खाली जमीन हलते. पायांनी ठेका धरायचा, पुढे वाकायचं, मागे यायचं. जिच्या अंगात यायचं तिच्या येतं, बाकीच्यांचे गाल दुखतात.

शरयूवहिनी फुंकायला उठली नव्हती. ती देवीच्या उजव्या हाताला पाटावर बसली होती, माहेरून आलेलं डाळिंबी लुगडं नेसून, हातात नव्या बांगड्या, आणि मांडीवर बाळी. बाळीला नवं झबलं घातलं होतं. मी शिवलेलं नव्हे.

"तू फुंक कुंदा," माई म्हणाल्या, "तेवढंच मन रमेल."

मी घागर घेतली. अंबूताईंनी आपला अंबाडा आधीच सैल करून ठेवला होता. त्या घुमायला लागल्या, डोळे मिटले, मान गोल फिरायला लागली. बायका म्हणाल्या, "आली, आली." माई हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढे सरकल्या. मी फुंकत होते. मला दिसत होतं की आता हे होणार, घटकाभरात होऊन जाणार. मी जोरानं फुंकलं, कारण फुंकताना रडता येत नाही.

बाळी जागी झाली.

ती आधी कुरकुरली, मग तिनं टाहो फोडला. एवढ्या घागरींच्या आवाजात तो कुणाला ऐकू आला नसता. मला आला. छातीवरचं फडकं भिजलं, पोलकं भिजलं, दूध पोटावरून खाली ओघळलं. शरयूवहिनी बाटली तिच्या तोंडाशी नेत होती आणि बाळी मान फिरवत होती, इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. ती मला हुंगत होती. तिला ठाऊक होतं मी कुठे आहे.

माझ्या घागरीचा आवाज बदलला. एवढंच मला नीट आठवतं. आतापर्यंत मी घागरीत फुंकत होते. आता पोटाच्या तळातून काहीतरी वर येत होतं आणि घागर त्याला पुरत नव्हती. माझ्या शेजारची बाई फुंकायची थांबली. मग तिच्या शेजारची. केस कधी सुटले कळलं नाही. मी घागर खाली आदळली आणि जो आवाज माझ्या तोंडून निघाला तो मी तोवर कधी ऐकला नव्हता. व्यायलेल्या गाईजवळ कुणी गेलं तर ती काढते, तसला काहीतरी.

"पोर कुणाची?" मी ओरडले. "कुणाची पोर? कुणाला विचारून देताय?"

सगळ्या घागरी थांबल्या. अंबूताईंनी एक डोळा उघडला. त्यांचं वारं जे उतरलं ते पुन्हा काही चढलं नाही.

"विचारलंत तिला? जिनं जन्माला घातली तिला विचारलंत एकदा तरी?"

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं, "धाकटीच्या अंगात आली!"

आणि माझी सासू, जिच्यासमोर मी इतक्या वर्षांत कधी पाय पसरून बसले नव्हते, ती ताट बाजूला ठेवून माझ्या पायांवर डोकं टेकवत होती. "चुकलं आई. चुकलं असलं तर पदरात घे. तू सांगशील तसं करू. कुणाची म्हणतेस पोर?"

"जिची आहे तिची."

"बरं आई. बरं."

एवढं सोपं होतं! पाच महिने मी रात्री उशीत तोंड खुपसून जे बोलत होते, ते तसंच्या तसं, त्याच शब्दांत बोलले होते. फक्त आता माई त्याला 'बरं' म्हणत होत्या.

मी खाली बसले. बायकांनी वाट करून दिली आणि शरयूवहिनी उठून माझ्याकडे आली. तिच्या कडेवर बाळी किंचाळत होती. वहिनी गुडघ्यांवर बसली, बाळीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि नमस्कार करायला वाकली. तिचं कपाळ माझ्या गुडघ्याला लागलं. तशीच वाकून, इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "बघ माझ्याकडे."

मी पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

"तुझी नक्कल मी इतकी वर्षं बघितलीय," ती म्हणाली. "अंबूताईंची करतेस ती. ही तसली नव्हे, हे कळतंय मला. पण मला विचारायचंय. देवी असशील तर एकच सांग. माझ्या पोटी येईल का कुणी? आणि कुंदा असशील तर गप्प राहा."

मागे सगळ्या बायका माना उंचावून बघत होत्या. माई हात जोडून उभ्या होत्या. 'येईल' म्हटलं की झालं. तिला आस मिळाली असती, माईंना कौल मिळाला असता, आणि मी देवी आहे यावर कुणाला शंका उरली नसती. गप्प राहिले तर ती उठून सगळ्यांना सांगू शकत होती की ही शुद्धीवर आहे, हिचं सोंग आहे, आणि मग माझी पोर पुन्हा त्या पाटावर गेली असती. तिच्या जागी मी असते तर सांगितलं असतं. तिच्या हातातून तिचं मूल गेलं होतं. होय, तिचंही होतंच ते, पाच महिने तिनं मनात वाढवलं होतं.

मी शुद्धीवर होते. त्या घरात आल्यापासून इतकी शुद्धीवर मी कधीच नव्हते. अंगात आलं होतं ते माझंच होतं, बाहेरचं कुणी नव्हतं. पण हे मी कुणाला सांगणार होते? आणि तिला खोटं मला सांगता येईना. दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं.

मी गप्प राहिले.

ती वाट पाहत राहिली. बाळी माझ्या ओल्या पोलक्यावर तोंड आपटत होती. शरयूवहिनीनं हात पुढे केला, माझा पदर बाळीच्या डोक्यावरून नीट ओढला, मला तिला अंगावर घेता यावं म्हणून. मग ती उठली आणि बायकांकडे वळली.

"देवी बोलली माझ्याशी," ती म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. "पोर कुंदापाशीच राहायची. कुणी पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"आणि तुझं?" माईंनी घाईनं विचारलं. "तुझं काय म्हणाली गं?"

"ते माझ्यापुरतं आहे."

कुणाची पुढे विचारायची छाती झाली नाही. तिनं माझी आदळलेली घागर उचलली, पोचा आलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, धुपावर धरली आणि फुंकायला लागली. तिला कधीच फारसं जमत नसे. त्या दिवशीही नुसती हवाच जात होती. हळूहळू बायकांनी पुन्हा घागरी घेतल्या, काहीजणी हळदकुंकवाला लागल्या, कुणी मुलं घेऊन घरी गेल्या, अंबूताई तर प्रसाद न घेताच निघून गेल्या. मी देवीच्या पायाशी भिंतीला टेकून बाळीला पाजत होते. ती अधाशासारखी पीत होती आणि मधेच थांबून हुंदके देत होती. मला सुख होत होतं. ते लपवत नाही. आणि समोर, रिकाम्या होत चाललेल्या दिवाणखान्यात, शरयूवहिनी एकटी घागर फुंकत होती. मला उठून तिच्याजवळ जावंसं फार वाटलं. पण मांडीवर बाळी होती, आणि नसती तरी कुठल्या तोंडानं गेले असते?

शेवटी तिनं घागर खाली ठेवली. गाल लाल झाले होते. माझ्याजवळून आत जाताना थांबली, बाळीकडे पाहिलं.

"झबलं ओलं झालंय तिचं," ती म्हणाली. "बदल."

आणि पानं घ्यायला आत गेली.

दिवाळीनंतर ती दोघं इंदूरला गेली. त्यांना मूल झालं नाही. लग्नाकार्यात भेट व्हायची. ती माझ्याशी चांगलंच बोलायची, जसं ती सगळ्यांशीच चांगलं बोलायची, आणि मला ते सोसवत नसे. तिनं एकदा तरी भांडावं म्हणून मी वाट पाहिली. मागच्या पायरीवर मी नंतर कधी चहा घेतला नाही. घर भरलेलं होतं, दोन मुली होत्या, मी केलं त्याचा मला एक दिवसही पस्तावा झाला नाही. पण हसून हसून डोळे पुसावेत असं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. वहिनी वारल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या नातीला मांडीवर घेऊन बसले होते. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते कुणाला सांगावं हेच सुचेना.

माझा मात्र त्या अष्टमीनंतर घरात मान वाढला. माई मरेपर्यंत माझ्याशी जरा जपूनच बोलायच्या. दर वर्षी बायका मला देवीजवळ पाटावर बसवायच्या, मी घागर फुंकायचे, आणि गाल दुखण्यापलीकडे काही व्हायचं नाही. आळीतल्या जुन्या बायका अजून भेटतात तेव्हा एकीला तरी ते आठवतंच. खरंच आली होती का गं त्या वर्षी तुमच्याकडे देवी?

आली होती, मी सांगते. अगदी खरी.

कुणाच्या अंगात, ते आजवर एकीनंही विचारलं नाही.